भिंतीच्या उतारात मावलेला अक्षांश

उज्जैनच्या वेधशाळेतली सम्राट यंत्राची, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळाची, तिरकी भिंत इंदूरकरांनी एकदा तरी पाहिलेली असते. शाळेची सहल जाते, मुलं सावलीवरून वेळ वाचतात, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघतात आणि पुढच्या यंत्राकडे वळतात. मला मात्र त्या भिंतीचा उतार जास्त मोलाचा वाटतो. जमिनीशी तिचा कोन आहे २३ अंश १० मिनिटे, आणि उज्जैनचा अक्षांशही तेवढाच.

अक्षांश हा खरं तर पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन. एक रेषा केंद्रातून आपल्या पायांकडे येते, दुसरी केंद्रातून विषुववृत्ताकडे जाते. त्या दोहोंमधला हा कोन. केंद्रापर्यंत तर कुणी पोचू शकत नाही. मग अठराव्या शतकात ही वेधशाळा बांधणाऱ्या राजा सवाई जयसिंगांनी तो जमिनीवर उभा केला कसा?

उत्तर शाळेतल्या भूमितीतच आहे. दोन समांतर रेषांना एका छेदिकेने छेदलं की व्युत्क्रम कोन सारखे असतात. २१ मार्चच्या सुमारास, म्हणजे विषुवदिनी, सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो. तिथे माध्यान्ही पडणारा किरण मनातल्या मनात खाली वाढवला, तर तो थेट पृथ्वीच्या केंद्राकडे जाईल. त्याच वेळी इंदूरच्या गच्चीवर एक काठी ओळंब्यात उभी करा. तिच्या टोकाला घासून जाणारा किरण त्या पहिल्या किरणाला समांतर असतो, कारण सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. आता काठीही खाली वाढवा. तीही केंद्रातच पोचते. ही झाली आपली छेदिका. म्हणून काठीच्या टोकाशी काठी आणि किरण यांच्यात जो कोन होतो, तोच केंद्रापाशी होतो. एवढंच वापरून एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये पृथ्वीचा परीघ काढला. मला भूमितीतला हा सर्वांत सुंदर वापर वाटतो.

भिंतीसाठी आणखी एकच पायरी लागते. जमीन काठीशी काटकोनात असते, पृथ्वीचा अक्ष विषुववृत्ताशी काटकोनात. दोन्ही रेषा एकाच दिशेने ९० अंशांत फिरवल्या, तर त्यांच्यामधला कोन तसाच राहतो. म्हणून जमीन आणि अक्षाची दिशा यांच्यातला कोनही अक्षांशाएवढाच. सम्राट यंत्राची भिंत या अक्षाला समांतर आहे, आणि म्हणूनच तिची सावली वर्षभर बरोबर सौरवेळ, म्हणजे सूर्यावरून मोजलेली तिथली स्थानिक वेळ, दाखवते.

इंदूरचा अक्षांश सुमारे २२.७२ अंश. विषुवदिनी माध्यान्ही १ मीटर काठीची सावली इथे साधारण ४१.९ सेंटिमीटर पडते, उज्जैनला ४२.८. फरक जेमतेम ९ मिलिमीटरचा, पण त्यात दोन्ही गावांमधलं दक्षिणोत्तर अंतर आलं. ते अंतर सुमारे ५० किलोमीटर आणि अक्षांशांतला फरक ०.४५ अंश, पूर्ण वर्तुळात असे ८०० तुकडे बसतात, आणि ८०० गुणिले ५० म्हणजे ४०,००० किलोमीटर. हाच पृथ्वीचा परीघ.

प्रयोग करायचा असेल तर बाराच्या ठोक्याला करू नका. इंदूरचं खरं माध्यान्ह मार्चमधल्या विषुवदिनी १२ वाजून ३४ मिनिटांच्या आसपास येतं, सप्टेंबरमधल्या विषुवदिनी १२ वाजून १९ मिनिटांच्या. सूर्यबिंब स्वतःच अर्ध्या अंशाएवढं रुंद दिसतं, त्यामुळे सावलीची कड साधारण सेंटिमीटरभर पसरट होते आणि आपला ९ मिलिमीटरचा फरक तिच्यातच बुडतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा आडवा बसवायचा आणि जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य धरून मोजायचं. उंची मोजायची ती भोकापासून. ओळंब्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या: १ मीटरची काठी वरच्या टोकाला ८ मिलिमीटर उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे कलली, तरी कोनात ०.४५ अंशांची चूक येते, म्हणजे थेट इंदूर ते उज्जैन एवढी.