तारीख देणारा आणि वर्ष आखणारा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हौशी नाटक करणाऱ्या कुणालाही विचारा, रंगमंदिरातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस कोण? "तारीख देणारा," हेच उत्तर येईल. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चौदाला हॉल मिळतंय काय हो?" मिळत असेल तर भाडं, डिपॉझिट, विजेचं वेगळं, खुर्ची मोडली तर तिचं वेगळं. या व्यवहाराची इतकी सवय झाली आहे, की नाटक, संगीत, नृत्य, चित्रकला, सिनेमा एका छपराखाली आणणाऱ्या कलाकेंद्राला कलासंचालक लागतो असं म्हटलं, की समोरचा सहज म्हणतो, "म्हणजे मॅनेजरच की!"

गोंधळ व्हायला कारण आहे. दोघं एकाच इमारतीत बसतात, दोघांसमोर वर्षाचं तेच कॅलेंडर असतं, आणि लहान संस्थेत दोन्ही कामं एकच माणूस, बहुतेक वेळा बिनपगारी कार्यवाह, ओढत असतो.

व्यवस्थापकाचं काम आपल्याला ठाऊक आहे, म्हणून ते थोडक्यात. पडदा वेळेवर उघडला पाहिजे, जनरेटर चालला पाहिजे, आग लागली तर बाहेर पडायचे दरवाजे उघडले पाहिजेत. परवाने, तिकिटांचा हिशोब, सफाई, पगार, आणि पुण्या-मुंबईहून आलेली नाटकाची बस मागच्या दारापर्यंत पोचते का, हेही त्यानेच बघायचं. हे दुय्यम काम आहे असं वाटणाऱ्याने दुसऱ्या अंकात लाइट गेलेला एखादा प्रयोग बसून बघावा. वर्षअखेरीला त्याला विचारला जाणारा प्रश्न सरळ असतो: हॉल किती दिवस भरला आणि किती दिवस रिकामा राहिला?

कलासंचालकाला या प्रश्नावर सुटता येत नाही. हॉल ३०० दिवस भरलेला असूनही त्याचं वर्ष वाया गेलेलं असू शकतं. त्याला विचारायचं ते असं: हे केंद्र नसतं तर या शहराला जे बघायला-ऐकायला मिळालंच नसतं, असं यंदा काय झालं? त्यासाठी तो वर्ष-दीड वर्ष आधीपासून आखणी करतो. कुणाला बोलवायचं, कुणाला पैसे देऊन नवं काम करायला लावायचं, कोणत्या तरुण गटाला महिनाभर तालमीची जागा फुकट द्यायची, कोणत्या चित्रप्रदर्शनाच्या शेजारी कोणती मैफल ठेवायची. आणि कुणाला नको म्हणायचं. व्यवस्थापक नको म्हणतो तेव्हा तारीख मोकळी नसते. कलासंचालक तारीख मोकळी असतानाही नको म्हणू शकतो. हे दुसरं 'नको' आपल्याकडे भाऊबंदकीपर्यंत जातं, म्हणून ते म्हणणाऱ्याला पगार आणि लेखी अधिकार दोन्ही हवेत. नुसत्या मानधनावर आणि नारळावर हे काम होत नाही.

भारतात हे काम कसं दिसतं ते बघायचं तर भोपाळच्या भारत भवनाकडे जावं लागतं. १९८२ साली सुरू झालेली, तलावाकाठची ती वास्तू चार्ल्स कोरिया यांची, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. आत काय घडवायचं हे ठरवणारी माणसं मात्र वेगळी होती. नाटकाच्या 'रंगमंडल'ची सूत्रं ब. व. कारंतांकडे होती, आणि चित्र-शिल्पांच्या 'रूपंकर'ची जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे. स्वामिनाथन यांनी तरुण कलाविद्यार्थ्यांना मध्य प्रदेशातल्या आदिवासी गावांत पाठवलं. तिथून आलेलं काम शहरी आधुनिक चित्रांच्या बरोबरीने, त्याच संग्रहालयात, त्याच मानाने मांडलं. पाटणगढचे जनगढ सिंह श्याम याच शोधातून पुढे आले. हा निर्णय आवडो न आवडो, तो एका माणसाच्या दृष्टीतून आलेला होता आणि त्याची जबाबदारीही त्याच्यावर होती. हॉल भाड्याने देऊन असं काही कधीच घडत नाही, कारण भाडं भरणारा स्वतःचाच कार्यक्रम आणतो. पुढे हेच कारंत १९८९ मध्ये म्हैसूरला सुरू झालेल्या रंगायण या सरकारी नाट्यसंस्थेचे पहिले संचालक झाले, म्हणजे आपल्या कर्नाटकालाही हे पद नवं नाही.

आता बेळगावकडे या दृष्टीने बघा. गोकाक-कुलगोड भागातलं श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या गाण्यांना वाजणारी चौंडकी. गावोगावची भजनी मंडळं. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी गल्लीगल्लीत देखावे उभे करणारे कारागीर. के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली तयार झालेले चित्रकार, ज्यांत रवी परांजपे होते. कडोली, उचगाव, येळ्ळूरची ग्रामीण साहित्य संमेलनं. यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या तारखेला, आपापल्या माणसांसमोर होते. पारिजाताचा प्रेक्षक आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक एकमेकांना ओळखतही नाहीत, आणि दोन्हींतलं गाणं शेजारी ठेवून ऐकावं असं कुणाला सुचलं, तरी ते घडवून आणणं हे कुणाचंच काम नाही. व्यवस्थापकाला यात दोष देता येणार नाही. त्याच्याकडे दोन वेगळ्या मंडळांचे दोन अर्ज आले, त्याने दोन तारखा दिल्या.

ज्यांच्या नावाचं रंगमंदिर या शहरात आहे, त्या कुमार गंधर्वांचंच उदाहरण घ्या. १९२४ मध्ये सुळेभावीला, आपल्या जिल्ह्यात, त्यांचा जन्म. पुढे देवासला राहून त्यांनी 'गीतवर्षा'सारखे कार्यक्रम बांधले: पावसाचा एकच धागा आणि त्यात माळव्यातली लोकगीतं, बंदिशी, सगळं एका क्रमाने. गाणारा एकच, पण संध्याकाळ आखलेली. कलासंचालक हेच एका संध्याकाळीऐवजी वर्षभरासाठी आणि स्वतःऐवजी इतरांच्या कलेसाठी करतो.

कामाची ही वाटणी परदेशातून आली असा एक समज आहे, तो मला पटत नाही. जुन्या संगीत नाटक कंपन्यांत मॅनेजर वेगळा आणि तालीम मास्तर वेगळा असायचा. संगीत नाटकाचा पाया घालणारे आण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. गोविंद बल्लाळ देवलांचं शिक्षण बेळगावात झालं आणि नट घडवणारे तालीम मास्तर म्हणून त्यांचं नाव झालं. मुक्काम, गल्ला, देणी बघणारी माणसं निराळी. दोन्ही बाजूंचा तोल सांभाळणं किती अवघड, तेही याच इतिहासात दिसतं. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. तिथे रंगमंचावर कशाचीही कमतरता नव्हती: अत्तर, गालिचे, भरजरी शालू. शेवटी कंपनी कर्जात बुडाली. ही उधळपट्टी थांबवू शकेल असा, बरोबरीच्या अधिकाराचा हिशोबनीस कलावंतासमोर नव्हता, असं माझं मत.

म्हणूनच काही मोठ्या केंद्रांत ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांकडे असतात. लंडनच्या साउथबँक सेंटरमध्ये १९५१चं रॉयल फेस्टिव्हल हॉल आहे आणि १९६८ची हेवर्ड गॅलरीही, म्हणजे संगीत आणि चित्रकला एकाच संस्थेत. २००६ ते २०१८ तिथे ज्यूड केली कलासंचालक होत्या, आणि संस्थेचा कारभार बघायला मुख्य कार्यकारी अधिकारी वेगळे.

दोघांची खरी टक्कर कागदावर दिसत नाही, डिसेंबरमध्ये दिसते. शाळांची गॅदरिंग, संस्थांचे वर्धापनदिन, भाडं रोख आणि हॉल तुडुंब. व्यवस्थापकासाठी हा सुगीचा महिना. नेमक्या त्याच दिवसांत कलासंचालक म्हणतो, नव्या नाटकाच्या नेपथ्य आणि प्रकाशयोजनेसाठी मला चार दिवस रंगमंच हवा, प्रेक्षक नाहीत, तिकीट नाही. दोघांचंही बरोबर आहे. हे भांडण डिसेंबरात मिटवायला गेलं तर पैसा जिंकतो, नेहमीच. मिटवायची जागा अंदाजपत्रक. वर्ष सुरू होण्याआधीच विश्वस्तांनी लिहून द्यायचं, की समजा ६० दिवस कलासंचालकाचे, तेवढ्या दिवसांचं भाडं बुडालं असं कुणी म्हणणार नाही, आणि उरलेल्या दिवसांत त्याने नाक खुपसायचं नाही. बंगळूरच्या रंगशंकर या नाट्यगृहाने २००४ पासून याहून कडक वाट धरली. तिथे फक्त नाटक, आणि उशिरा आलेल्याला आत प्रवेश नाही. अशी धोरणं आधी ठरवली तर व्यवस्थापकाला दारात उभं राहून ती पाळता येतात. त्याच्या अंगावर ऐनवेळी टाकली तर बिचाऱ्याचं रोज कुणाशी तरी वाजतं.

सीमाभागात आणखी एक गाठ आहे. मराठीला किती दिवस, कन्नडला किती, हा प्रश्न इथल्या कोणत्याही केंद्राला पहिल्या आठवड्यात विचारला जाईल. व्यवस्थापक त्याचं उत्तर वाटणीने देईल आणि त्याच्या जागेवरून ते योग्यच आहे, अर्ज येतील त्या क्रमाने तारीख, कुणावर अन्याय नाही. कलासंचालकाने वाटणीवर थांबलं तर त्याची गरजच काय? त्याने कन्नड नाटकाला मराठी प्रेक्षक आणि मराठी नाटकाला कन्नड प्रेक्षक कसा मिळेल यावर डोकं चालवायचं. प्रयोगाआधी दहा मिनिटं कथा दुसऱ्या भाषेत सांगणं, पडद्याच्या कडेला भाषांतराच्या ओळी दाखवणं, दोन्ही भाषांतल्या नटांना एकत्र तालमीला बसवणं. त्यात फलकावर कुठली भाषा वर, हा वाद येणारच, आणि तो अंगावर घ्यायची तयारी असलेलाच माणूस या खुर्चीवर हवा.

मग खुर्चीवर कुणाला बसवायचं? आपल्याकडे शाल-श्रीफळ मिळालेल्या ज्येष्ठ कलावंताकडे बोट दाखवलं जातं. कधी ते जमतंही. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात काही काळ शिकवलेले पु. ल. देशपांडे पुढे मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राचे मानद संचालक झाले, आणि लेखन, संगीत, नाटक, सिनेमा या सगळ्यांत वावरलेला माणूस असल्यामुळे ते पद त्यांना शोभलं. पण उत्तम गायक दुसऱ्याची मैफल ऐकायला जातच नसेल, तर तो कलासंचालक म्हणून कुचकामी. मुलाखतीत त्याच्या पुरस्कारांपेक्षा, गेल्या वर्षी दुसऱ्यांचं काय काय बघितलं-ऐकलं, आणि त्यातलं काय आवडलं नाही, हे विचारावं.

मुदत लेखी असावी, तीन ते पाच वर्षांची. त्याहून कमी दिली तर माणूस आखणी करेल आणि निघून जाईल. नवा कलासंचालक येतो तेव्हा त्याच्या पहिल्या वर्षाचं बरंचसं कॅलेंडर आधीच्याने ठरवलेलं असतं, करार झालेले असतात, आगाऊ रक्कम गेलेली असते. त्यामुळे पहिल्याच दिवाळीत "काय नवीन केलंत?" असं विचारणाऱ्या विश्वस्तांना आधीच्या माणसाचा फोन नंबर द्यावा.