रविवारचे दहा तास जातात कुठे?

नोकरी सांभाळून सीएफएसारख्या (गुंतवणूक-विश्लेषकांच्या, टप्प्याटप्प्याने द्यायच्या) परीक्षेला बसणाऱ्यांचे वेळापत्रक बहुधा एका भागाकाराने सुरू होते. एका लेव्हलला, म्हणजे टप्प्याला, साधारण 300 तास लागतात असे सांगतात. हातात सहा महिने असतील, तर आठवड्याला साडेअकरा तास. सोमवार ते शुक्रवार ऑफिसमध्ये जातो, म्हणून सगळा अभ्यास रविवारवर ढकलला जातो. हिशेब जुळतो खरा, पण त्यात तास कुठेही ठेवला तरी त्याचे मोल तेच, असे धरलेले असते. मेंदूचा कारभार तसा चालत नाही.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्वतःच्या स्मृतीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट तो पाठ करी आणि काही काळाने ते पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजी. एकाच दिवशी 68 आवृत्त्या करून जे साधले, ते तीन दिवसांत वाटलेल्या 38 आवृत्त्यांनी साधले. म्हणजे जवळजवळ निम्मी मेहनत वाचली!

असे का होते, याचे उत्तर मला फळमाश्यांच्या प्रयोगात सर्वांत स्वच्छ दिसते. एका वासाबरोबर विजेचा झटका दिला की माशी तो वास टाळायला शिकते. हा धडा सलग दहा वेळा दिला, तर आठवण काही दिवसांत विरते. दर दोन फेऱ्यांमध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती दिली, तर तेवढ्याच दहा फेऱ्यांची आठवण आठवडाभर टिकते. विश्रांती मिळालेल्या माश्यांना प्रथिननिर्मिती रोखणारे औषध दिले, की ही टिकाऊ आठवण तयारच होत नाही.

शिकताना चेतापेशींच्या जोडणीत, म्हणजे सिनॅप्समध्ये, आधी तात्पुरते बदल होतात. तिथे असलेल्याच प्रथिनांना फॉस्फेटचे गट चिकटतात, आणि ते काढून टाकणारी एन्झाइम्सही शेजारीच काम करत असतात. बदल टिकायचा असेल तर संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत जावा लागतो. तिथे क्रेब नावाचे प्रथिन काही जनुके चालू करते, नवी प्रथिने बनतात आणि जोडणीची रचनाच बदलते. या साखळीला वेळ लागतो. शिवाय उंदरांच्या मेंदूच्या कापांवर असे दिसले, की पहिल्या उद्दीपनात निसटलेल्या जोडण्या तासाभराने दिलेल्या दुसऱ्या उद्दीपनात सामील होतात. तेच उद्दीपन लगेच दिले तर होत नाहीत. माशीची पंधरा मिनिटे माणसाला जशीच्या तशी लागू नाहीत, पण मधल्या रिकाम्या वेळात काम चालू असते, हे तत्त्व दोन्हीकडे दिसते.

माणसांसाठी हे अंतर किती असावे? 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तेराशेहून अधिक लोक होते. चाचणी उजळणीनंतर आठवड्याने असेल, तर पहिला अभ्यास आणि उजळणी यांत एक दिवसाचे अंतर सर्वांत फायद्याचे ठरले. 35 दिवसांनी असेल तर सुमारे 11 दिवसांचे, वर्षभराने असेल तर सुमारे तीन आठवड्यांचे. म्हणून बाँडचे ड्युरेशन किंवा डिफर्ड टॅक्स यांसारखे अभ्यासक्रमातले प्रकरण एका रविवारी 'संपवून' टाकू नये. रोज तासभर बसावे आणि त्यातला काही वेळ दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या प्रकरणासाठी राखून ठेवावा.

ती उजळणीही पुस्तक मिटून करावी. 2006 सालच्या एका प्रयोगात उतारा चारदा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी 83 टक्के आठवला, एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना 71. आठवड्याने मात्र वाचणारे 40 टक्क्यांवर आले, लिहिणारे 61 वर राहिले. वाचताना 'येतंय' असे वाटते, ते या पाच मिनिटांपुरते असते.

पहाटे चारला उठून केलेलाच अभ्यास पक्का होतो, ही समजूत मात्र सोडून द्यावी. त्या वेळेत काही जादू नाही. दिवसभराचे शिकणे पक्के होण्याचे बरेच काम झोपेत होते, आणि रात्री बाराला आडवे होऊन चारला उठणारा नेमका तोच वेळ कापतो. स्मरणशक्तीच्या गोळ्या आणि 'तुम्ही दृश्य शिकणारे की श्राव्य' सांगणाऱ्या चाचण्या यांवर पैसे घालवू नयेत. शिकण्याच्या अशा शैलींनुसार शिकवल्याने फायदा होतो, याला ठोस पुरावा नाही.

ऑफिसात महिनाअखेरीचे क्लोजिंग किंवा ऑडिट असेल त्या आठवड्यात नवे प्रकरण उघडू नये. त्या दिवसांत जुन्या प्रकरणांचे रोज दहा-पंधरा प्रश्न सोडवले तरी चालतील, आणि तेही एकाच विषयाचे नकोत, मिसळलेले हवेत. पेपरात कुठला फॉर्म्युला लावायचा हे प्रश्नाच्या वर छापलेले नसते.