जर्मन, जपानी, फ्रेंच की आपलं इगतपुरीचं? डिझेल इंजिनांच्या मागची गोष्ट

नाशकात डिझेल गाडीचा विषय निघाला की वाद ठरलेला, जर्मन इंजिन म्हणजे दणकट, जपानी मरत नाही, फ्रेंच नाजूक आणि आपलं देशी म्हणजे धूर नि खडखडाट. सातपूर-अंबडला आयुष्यभर पाळ्या केलेली माणसं पण असंच बोलतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण या वादातल्या कितीतरी इंजिनांचा धागा आपल्याच एमआयडीसीतून गेलाय. एखादं डिझेल इंजिन असं का बनलं हे कळायला त्या देशातला टॅक्स, तिथलं डिझेल आणि तिथला कायदा बघावा लागतो, कंपनीचा बिल्ला बघून काही कळत नाही.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ ला जर्मनीत ऑग्सबर्गला चाललं, पण मर्सिडीजची २६० डी ही डिझेल कार यायला १९३६ उजाडलं. अडलं होतं ते पंप आणि नोझलपाशी. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून दाबून तापवायची आणि त्या तापलेल्या हवेत बरोबर वेळेला बरोबर तेवढंच डिझेल फवारायचं, आणि हे मिनिटाला हजारो वेळा. बॉशने १९२७ ला इंजेक्शन पंपाचं उत्पादन सुरू केलं तेव्हा कुठे डिझेल गाडीत बसायला लागलं. त्याच बॉशची भारतातली कंपनी म्हणजे मायको, १९५१ ला बंगळूरला सुरू झाली आणि पुढे त्र्यंबक रोडला आपल्याकडे आली, इथे नोझल आणि इंजेक्टर बनतात. २००८ ला नाव बॉश झालं पण सर्कलला आजही मायको सर्कलच म्हणतात. देशभरातल्या ट्रक, ट्रॅक्टर, जीपला नाशकातली नोझल लागलीयेत, मग त्यावरचा बिल्ला कुठलाही असो.

आता फ्रेंच नाजूक म्हणणाऱ्यांसाठी. महिंद्राने १९८० च्या आसपास प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या इंजिनाचं लायसन्स घेतलं, २११२ सीसी, ९० म्हणजे बोअर, सिलिंडरचा व्यास, ९० मिमी. हे प्यूजो ५०४ च्या घराण्यातलं इंजिन, आणि ५०४ ने आफ्रिकेत टॅक्सी म्हणून किती वर्षं काढली हे जगाला माहितीये. तेच आपल्या एमएम ५४० जीपमध्ये बसलं, आणि निफाड-दिंडोरीकडे या जीपांनी काय काय ओढलंय ते मी सांगायची गरज नाही. यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न मारता हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातल्या छोट्या चेंबरमध्ये मारायचे, त्याने आवाज जरा मऊ होतो, पण उष्णता वाया जाते म्हणून अ‍ॅव्हरेज कमी आणि थंडीत हीटर प्लग तापल्याशिवाय गाडी उठत नाही. १९९८ ची इंडिका पण याच पद्धतीची होती, १४०५ सीसी, टर्बो म्हणजे जादा हवा कोंबणारा पंखा नाही, आणि तरी टॅक्सीवाल्यांनी ती अक्षरशः रगडली.

युरोपात डिझेल का फोफावलं याचं उत्तर पेट्रोल पंपावर आहे. फ्रान्स, इटलीसारख्या देशांत डिझेलवर पेट्रोलपेक्षा टॅक्स कमी, लोकांचा ओढा तिकडे, म्हणून कंपन्यांनी पैसा लहान डिझेल इंजिनांत ओतला. कॉमन रेलचं कारसाठीचं मोठं काम इटलीत फियाटच्या लोकांनी केलं, मग ते बॉशला विकलं आणि १९९७ ला अल्फा रोमिओ १५६ मध्ये ते पहिल्यांदा रस्त्यावर आलं. म्हणजे आपण ज्याला जर्मन तंत्र म्हणून नावाजतो त्यातला मोठा वाटा इटालियन आहे! कॉमन रेलमध्ये एकाच नळीत कायम प्रचंड दाबाने डिझेल भरलेलं असतं आणि इंजेक्टर कॉम्प्युटरच्या इशाऱ्यावर उघडतो, एका फेरीत दोन-तीनदा थोडं थोडं मारता येतं, त्यामुळे तो जुना खडखडाट गेला.

अमेरिकेत याच्या बरोबर उलटं झालं. जनरल मोटर्सने १९७८ ला ओल्ड्समोबिलमध्ये ५.७ लिटरचं डिझेल आणलं, हेडचे बोल्ट मात्र पेट्रोल इंजिनासारखेच ठेवले आणि डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा सेपरेटर दिलाच नाही, मग हेड गॅस्केट जायला लागली, पंप गंजले, आणि १९८५ ला ते इंजिन बंद होईपर्यंत अमेरिकन माणसाचा डिझेल कारवरचा विश्वासच उडाला. जपानात १९९९ ला टोकियोचे गव्हर्नर इशिहारा काजळीने भरलेली बाटली कॅमेऱ्यासमोर धरून डिझेलविरुद्ध उभे राहिले, तिथे डिझेल कार जवळपास संपल्या. म्हणून टोयोटाने आपल्यासारख्या आशियाई देशांसाठी जी डिझेलं बनवली ती वेगळ्या हिशोबाची होती.

इथे थोडं थांबतो, कारण वादातला खरा मुद्दा हाच आहे. २००५ ची इनोव्हा घ्या, २४९४ सीसी मधून १०२ पीएस ताकद (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), म्हणजे इंजिनाच्या लिटरमागे साधारण ४१ पीएस. २००६ ची ह्युंदाई व्हर्ना घ्या, १४९३ सीसी मधून ११०, म्हणजे लिटरमागे ७४ च्या आसपास. इनोव्हाचं इंजिन पाच-सहा लाख किलोमीटर जातं याला लोक जपानी जादू समजतात, पण ते इंजिन आरामात काम करतंय हे कोणी बघतच नाही, पिकअपवाल्या भारवाही गाड्यांच्या कुळातलं आहे ते. व्हर्नाला सेडानमध्ये पळवायचं होतं, तिला दम वेगळा लागतो. दोघांना एका तराजूत घालून कोरियन वाईट म्हणणं मला अजिबात पटत नाही.

आणि फियाटचं १.३ मल्टीजेट! १२४८ सीसी, २००३ ला इटलीच्या डोक्यातून निघालेलं, आपल्याकडे स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो सगळ्यांत तेच. मारुतीवाला म्हणणार आमचं इंजिन भारी, टाटावाला म्हणणार आमचं, आणि आत ब्लॉक एकच, फरक टर्बोचा, ट्युनिंगचा, गिअरिंगचा. कसारा घाट चढताना दोन हजार आरपीएमच्या खाली गेलं की झोपतं हा दोष सगळ्यांत सारखाच. हे इतकं पसरलं कारण २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीच्या आतल्या डिझेल कारला एक्साइज २४ वरून १६ टक्के झाली, आणि तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. तसंच रेनोचं १.५ डीसीआय, २००७ ला नाशकात बनलेल्या लोगनमध्ये होतं, तेच डस्टरमध्ये, आणि युरोपात मर्सिडीजच्या ए १८० सीडीआयमध्ये पण. लोगनला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

इगतपुरीला इंजिनं बनवणाऱ्या आपल्या महिंद्राचं तर सरळ सरळ कायद्याने घडवलेलं इंजिन आहे. स्कॉर्पिओ २००२ ला इथून निघाली तेव्हा २.६ लिटर टर्बो, इंजिनाच्या कामात ऑस्ट्रियाच्या एव्हीएल या इंजिन डिझाइन करणाऱ्या कंपनीची मदत, पुढे कॉमन रेल, मग २.२ लिटरचं एमहॉक नावाचं इंजिन. डिसेंबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने दिल्लीत २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, आणि जानेवारी २०१६ मध्ये त्याच एमहॉकची १.९९ लिटरची आवृत्ती हजर! त्याच वर्षीची बोलेरो पॉवर प्लस बघा, चार मीटरच्या आत आणली आणि १४९३ सीसीचं तीन सिलिंडर बसवलं, कारण तोच चार मीटर-१५०० सीसीवाला टॅक्स.

२०१५ ला फोक्सवॅगनचा घोटाळा बाहेर आला, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत टेस्टच्या वेळी प्रदूषण कमी दाखवणारं सॉफ्टवेअर, तेव्हापासून युरोपातच डिझेल उतरणीला लागलं. आपल्याकडे ऑक्टोबर २०१४ ला डिझेलचे दर मोकळे झाले, भावातला फरक कमी झाला, आणि एप्रिल २०२० ला बीएस ६ हा प्रदूषणाचा कडक नियम आला, डिझेलमधलं सल्फर ५० वरून १० पीपीएम, म्हणजे दहा लाखात दहा भाग. मारुती, रेनो, फोक्सवॅगनने लहान डिझेल सोडून दिलं, होंडानेही २०२३ ला. राहिले महिंद्रा, टाटा, ह्युंदाई-किया, टोयोटा असे मोजकेच.

यांच्या आताच्या गाड्यांत डीपीएफ असतो, काजळी अडवून ठेवणारा फिल्टर, तो जळून साफ व्हायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो आणि तो गावातल्या सिग्नलांत तापत नाही. म्हणून सेकंडहँड बीएस ६ डिझेल बघताना कंपनीच्या आधी गाडी कुठे चालली ते विचारा, रोज धुळे हायवेला पळालेली लाखभर किलोमीटरची गाडी मी कॉलेज रोडलाच फिरलेल्या तीस हजारवाल्या गाडीच्या आधी घेईन.