टॅकल न करणाऱ्याची भीती

29 जून 1982. बार्सिलोनाच्या सारिया स्टेडियमवर फुटबॉल वर्ल्ड कपचा इटली-अर्जेंटिना सामना. इटलीच्या क्लॉडिओ जेंटिलेवर एकच कामगिरी सोपवलेली: 21 वर्षांच्या दिएगो मॅराडोनाला खेळू द्यायचं नाही. जेंटिलेनं ती चोख बजावली. शर्ट ओढला, पाठीला चिकटून राहिला, घोट्यावर, पोटरीवर जिथं जमेल तिथं पाय घातला. त्या सामन्यात मॅराडोनावर 23 फाउल झाले, आणि त्यातले बरेचसे जेंटिलेच्या नावावर होते. शिक्षा काय, तर एक पिवळं कार्ड. इटली 2-1 अशी जिंकली आणि पुढं वर्ल्ड कपही घेऊन गेली. पुढच्याच वर्षी, बार्सिलोनातच, अॅथलेटिक बिल्बाओच्या आंदोनी गोइकोएचेआनं मागून केलेल्या टॅकलनं, म्हणजे चेंडू हिसकावायला घातलेल्या पायानं, मॅराडोनाचा घोटा मोडला.

दहशत बसवणारा बचावपटू म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अशीच माणसं येतात. कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून सामना पाहणाऱ्यांनाही असा ‘दांडगा’ डिफेंडर हवाच असतो. पण माझ्या मते ही भीती खालच्या प्रतीची आहे. ती खोटी नाही, तिच्यामागं विज्ञानही आहे. फक्त ती फार पुढं जात नाही.

आधी ती कशी काम करते ते पाहू. एखादी वस्तू आपल्याकडं वेगानं येते तेव्हा डोळ्यांच्या पडद्यावरची तिची प्रतिमा मोठी होत जाते, आणि हे मोठं होणं सरळ चालीनं होत नाही. समजा, आघाडीचा खेळाडू आणि बचावपटू एकमेकांकडं सेकंदाला 6-6 मीटर वेगानं धावताहेत, म्हणजे त्यांच्यातलं अंतर सेकंदाला 12 मीटरनं घटतंय. अंतर 4 मीटरवरून 2 वर आलं की बचावपटूची प्रतिमा दुप्पट होते. त्याला लागतो सेकंदाचा सहावा हिस्सा. 2 वरून 1 मीटरवर येताना ती पुन्हा दुप्पट होते, तीही निम्म्या वेळात. साधी हालचाल दिसून तिला प्रतिसाद द्यायला माणसाला 0.2 सेकंद लागतात. म्हणजे समोरचा अंगावर येतोय हे कळून काही करेपर्यंत तो आलेला असतो.

अशा फुगत जाणाऱ्या आकारांसाठी मेंदूत फार जुनी धोक्याची घंटा बसवलेली आहे. माशांपासून माकडांपर्यंत प्राणी अशी सावली पाहून दचकतात. 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अवघ्या काही आठवड्यांच्या बाळांना झपाट्यानं मोठी होणारी सावली दाखवली, तर तीही डोकं मागं घेऊ लागली. त्यामुळं 90 किलोचा गडी चेंडूकडं झेपावतो तेव्हा आघाडीवीराचं अंग थोडं आक्रसतं, पाय चेंडूवर पूर्ण जोरानं पडत नाही. याला भित्रेपणा म्हणायचं कारण नाही, ते शरीराचं काम आहे.

अडचण अशी की ही घंटा सरावानं मंदावते. मैदानात पंधराव्यांदा लाथ खाणाऱ्याला सोळाव्या लाथेचं नवल राहत नाही. आणि नियमांनी अशा लाथेची किंमत वाढवत नेली. 1998 च्या वर्ल्ड कपपासून प्रतिस्पर्ध्याला इजा होईल असा मागून केलेला टॅकल थेट लाल कार्डाचा गुन्हा ठरला. 2018 च्या वर्ल्ड कपपासून व्हिडिओ पंचही आले. आज जेंटिलेनं 1982 सारखा खेळ केला, तर मध्यंतरापर्यंत तो मैदानावर दिसणार नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या भीतीकडं येऊ. 31 मार्च 2019, लिव्हरपूलचं अॅनफील्ड मैदान. लिव्हरपूल आणि टॉटनहॅम हे इंग्लिश क्लब 1-1 बरोबरीत, सामना संपायला पाचेक मिनिटं. लिव्हरपूलचे जवळजवळ सगळे पुढं गेलेले असताना टॉटनहॅमनं चेंडू हिसकावला आणि मुसा सिसोको तो घेऊन मोकळ्या मैदानात सुटला. बाजूला सन ह्युंग-मिन, त्या काळातला अत्यंत अचूक नेमबाज. दोघांसमोर एकटा लिव्हरपूलचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक.

त्यानं काय केलं? टॅकल केलाच नाही. तो मागं सरकत राहिला, अंग थोडं तिरकं ठेवून, सिसोको आणि सन यांच्या मधल्या रेषेवर. पासची वाट बंद. सिसोको गोलच्या जवळ येत गेला, पास देता येईना, आणि चेंडू त्याच्या डाव्या, म्हणजे कच्च्या पायाकडं गेला. व्हॅन डाइक शेवटच्या क्षणी पुढं सरसावला. सिसोकोनं डाव्या पायानं मारलेला चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून प्रेक्षकांत गेला. मिनिटाभराच्या आतली ही गोष्ट. पुढं 90 व्या मिनिटाला टॉटनहॅमच्या स्वयंगोलवर लिव्हरपूल जिंकलं. सन हा जास्त धोकादायक आणि सिसोकोचा डावा पाय कमजोर, हा हिशेब त्या काही सेकंदांत आपण मांडला होता, असं व्हॅन डाइकनं नंतर सांगितलं.

हा खेळ समजून घ्यायचा तर आधी हूल म्हणजे काय ते पाहावं लागतं. ड्रिबल करणारा, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत पुढं नेणारा खेळाडू बचावपटूला वेगानं हरवतो असं वाटतं, पण खरं शस्त्र असतं ती हूल. मेंदू एका इशाऱ्याला प्रतिसाद ठरवत असतानाच दुसरा इशारा आला, तर दुसऱ्याचं उत्तर रांगेत उभं राहतं. पहिल्या आणि दुसऱ्या इशाऱ्यात सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा इतकंच अंतर असेल तर दुसरा प्रतिसाद हमखास उशिरा येतो. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत हे 1930 च्या दशकापासून मोजलं गेलंय. आघाडीवीर खांदा डावीकडं टाकतो, बचावपटूचा मेंदू ‘डावीकडं’ असा हुकूम सोडतो, तोवर चेंडू उजवीकडं निघालेला असतो. त्यात भौतिकशास्त्राची भर. सेकंदाला 5 मीटर वेगानं पुढं आलेल्या माणसाला दर सेकंदाला 5 मीटरनं वेग कमी करत थांबायचं असेल, तर एक पूर्ण सेकंद आणि अडीच मीटर जागा लागते. तेवढ्यात गोल होतो.

म्हणजे हूल चालते ती समोरच्याच्या उतावीळपणावर. पहिल्या इशाऱ्याला जो उत्तरच देत नाही, त्याच्यावर ती चालवायची कशी? कबड्डीत हात लांब करून चढाईपटूवर झेपावणारा गुण देऊन बसतो आणि कोपऱ्यात वाट पाहणारा पकड करतो, तसंच हे. 2006 मध्ये रग्बीपटूंवर झालेल्या एका अभ्यासात समोरून धावत येऊन बगल देणाऱ्या खेळाडूची चित्रफीत दाखवून तो कुठं वळेल ते ओळखायला सांगितलं होतं. नवखे हुलीला फसले, मुरलेले फारसे फसले नाहीत. फुटबॉलमध्ये समोरासमोरच्या झुंजीत अनुभवी बचावपटूंची नजर आघाडीवीराच्या कमरेच्या भागावर जास्त टिकते असं दिसून आलंय. त्याचं कारण सरळ आहे. शरीराचं वजन जिथं एकवटतं तो बिंदू कमरेजवळ असतो, आणि जमिनीला पायानं रेटा दिल्याशिवाय तो दिशा बदलू शकत नाही. खांदे, डोळे, पाय थाप मारू शकतात. कमरेला ते जमत नाही.

मागं सरकत राहण्याचा आणखी एक फायदा आहे. दोघं साधारण एकाच वेगानं एकाच दिशेला जात असतील तर अंतर घटत नाही, प्रतिमा मोठी होत नाही, आणि ‘आता बगल द्यायची’ ही वेळ ठरवायला आघाडीवीराला आधारच उरत नाही. दरम्यान बचावपटूचे साथीदार माघारी धावत असतात. वाया गेलेला प्रत्येक सेकंद म्हणजे त्यांचे सात-आठ मीटर.

पण वाट पाहणं म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे. 1952 मध्ये विल्यम हिक या ब्रिटिश संशोधकानं दाखवलं की पर्याय वाढले की प्रतिसादाचा वेळही वाढतो. सिसोकोकडं सुरुवातीला तीन पर्याय होते: पास, बगल, शॉट. पासची वाट बंद केल्यावर व्हॅन डाइकनं स्वतःच्या मेंदूवरचाही भार उतरवला. काय येणार हे जवळपास ठरलेलं होतं, त्यामुळं शेवटची झेप वेळेवर पडली. भूमितीही त्याच्या बाजूनं होती. गोलची रुंदी 7.32 मीटर. बरोबर समोर, 10 मीटरवरून पाहिलं तर दोन खांबांमधला कोन 40 अंशांचा दिसतो. गोलरेषेपासून तेवढ्याच अंतरावर पण 15 मीटर बाजूला सरका, तर उरतात 13 अंश. बचावपटूनं आघाडीवीराला बाहेर ढकलत नेलं की चेंडूला हात न लावता गोल दोन-तृतीयांशानं आकसतो.

आणि मग तो कच्चा पाय. 2002 मध्ये सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी मुरलेल्या फुटबॉलपटूंना खांबांच्या रांगेतून चेंडू न्यायला लावलं. एका फेरीत त्यांनी पायाच्या कुठल्या बाजूनं चेंडूला स्पर्श झाला याकडं लक्ष ठेवायचं होतं, दुसऱ्या फेरीत कानावर पडणाऱ्या शब्दांकडं. पक्क्या पायाकडं लक्ष दिलं की त्यांचा खेळ मंदावला, शब्दांकडं लक्ष असताना मात्र चालला. कच्च्या पायाचं उलट झालं: त्याच्याकडं लक्ष द्यावंच लागलं, लक्ष दुसरीकडं गेलं की तो अडखळला. आता सिसोकोच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. डावा पाय लक्ष मागतोय, गोलरक्षक लक्ष मागतोय, सन हात उंचावतोय, आणि समोर 1.93 मीटरचा माणूस आहे ज्यानं अजून काहीच केलेलं नाही. तो केव्हा काय करेल हे माहीत नसणं, हाच सगळ्यात मोठा भार.

दडपणाखाली नजर कशी भरकटते हे पेनल्टीच्या प्रयोगांत छान दिसतं. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी पेनल्टी मारणाऱ्यांच्या डोळ्यांवर नजर-मापक बसवले. चिंता वाढवली की ते गोलरक्षकाकडं लवकर आणि जास्त वेळ पाहू लागले, आणि चेंडू त्याच्या आवाक्यातच जाऊ लागला. मेंदू धोक्याकडं पाहतो, पाय नजरेमागून जातो. खेळाडूंच्या भाषेत ‘थेट गोलकीपरच्या हातात मारला’ म्हणतात तो प्रकार बऱ्याचदा हाच असतो.

रंगांबद्दलही संशोधन आहे. अथेन्स ऑलिंपिकमधल्या झुंजींच्या खेळांत लाल पोशाखवाले थोडे जास्त जिंकले, असं 2005 मध्ये जाहीर झालं होतं. नंतरच्या तपासण्यांत तो परिणाम बराच पुसट झाला. लिव्हरपूल लाल घालतं म्हणून कोणी व्हॅन डाइकला घाबरत असेल असं मला तरी वाटत नाही.

त्याची खरी दहशत आकड्यांत दिसली ती उलट्या बाजूनं. 24 ऑगस्ट 2019 ला आर्सेनलच्या निकोला पेपेनं त्याला ड्रिबल करून ओलांडलं, आणि ती बातमी झाली. कारण इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या त्याच्या त्याआधीच्या 50 सामन्यांत ते कुणालाच जमलेलं नव्हतं. यात कौशल्य किती आणि लोकांनी प्रयत्नच सोडून दिला होता हे किती, याची फोड साध्या आकडेवारीत होत नाही. टॅकल मोजता येतो. त्याला पाहून आडवा दिलेला पास मोजता येत नाही, कारण नोंदवहीत तो फक्त एक यशस्वी पास असतो.

फक्त टॅकल मोजण्याची चूक भल्याभल्यांना भोवली आहे. 2001 मध्ये मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक अॅलेक्स फर्ग्युसननी याप स्टाम या धिप्पाड डच बचावपटूला इटलीच्या लात्सिओ क्लबला विकून टाकलं. त्याचे टॅकल कमी झालेत, म्हणजे तो उतरणीला लागला, हा आकडेवारीवरून काढलेला निष्कर्ष त्यामागं होता असं सांगितलं जातं. कारण काहीही असो, ही आपली चूक होती असं फर्ग्युसननी पुढं मान्य केलं, आणि स्टाम इटलीत आणखी काही वर्षं वरच्या दर्जाचं फुटबॉल खेळला. टॅकल कमी होणं हे जागा अचूक धरण्याचंही लक्षण असू शकतं.

आता मोजमाप बदललंय. स्टेडियममधले कॅमेरे दर सेकंदाला 25 वेळा सगळ्या खेळाडूंची जागा टिपतात. हार्वर्डमध्ये कणभौतिकीत पीएचडी केलेले विल्यम स्पिअरमन 2018 मध्ये लिव्हरपूलमध्ये गेले. त्यांच्या कामाचा गाभा असा: मैदानावरच्या प्रत्येक बिंदूसाठी, चेंडू आत्ता तिथं पडला तर तो आधी कुठल्या संघाच्या ताब्यात जाईल याची शक्यता काढायची. खेळाडूचा वेग, दिशा, वळायला लागणारा वेळ हे सगळं त्यात येतं. असा नकाशा तयार झाला की चेंडूला न शिवणारा बचावपटूही दिसू लागतो. त्याच्याभोवतीची जागा त्याच्या रंगात रंगलेली असते, आणि दिला न गेलेला पासही हिशेबात येतो.

मग अशा माणसाला हरवायचं कसं? समोरासमोर जायचंच नाही. 4 ऑक्टोबर 2020 ला अॅस्टन व्हिलानं लिव्हरपूलला 7-2 असं धुतलं तेव्हा व्हॅन डाइक पूर्ण वेळ मैदानात होता. लिव्हरपूलची बचावफळी नेहमीप्रमाणं खूप वर उभी होती, आणि व्हिलाचे खेळाडू तिच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत चेंडू टाकत राहिले. ऑली वॉटकिन्सनं पूर्वार्धातच तीन गोल केले. मागं सरकत वाट पाहायला समोर कुणीतरी असावं लागतं. इथं शर्यत आधीच पाठीमागं सुरू झालेली होती.