चळवळीचे गाणे

चळवळीचे गाणे : जात, वंश, मजुरी, युद्ध, स्त्रियांवरील अत्याचार, पाणी, जंगल अशा सामाजिक प्रश्नावर रचलेले आणि लोकांनी मिळून म्हणावे म्हणून बांधलेले गाणे. जनगीत, निषेधगीत, विद्रोही गीत ही त्याची जवळची नावे. प्रश्नाचा नुसता उल्लेख केला म्हणून गाणे या प्रकारात बसत नाही. ते ऐकणाऱ्याच्या तोंडी बसावे लागते. मोठी ध्वनिमुद्रण कंपनी, सरकारी नभोवाणी किंवा चित्रपट या वाटांनी ते क्वचितच येते. त्याची बांधणी कशी आहे आणि ते कोणाच्या हातून पसरते, या दोन गोष्टींवर त्याचे आयुष्य ठरते. विषयाचे मोठेपण त्यानंतर.

कोल्हापुरात या गाण्याचे मूळ सत्यशोधकी जलशात, म्हणजे तमाशाच्या धर्तीवरच्या प्रबोधनाच्या खेळात आहे. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. पुढे त्याच्या विचाराच्या जलशांनी गावोगाव फड उभे केले. १९११ मध्ये कोल्हापुरात समाजाची शाखा निघाली आणि राजर्षी शाहू महाराजांच्या काळात इथे या चळवळीला मोठे बळ मिळाले. जलशाने तमाशाचा साचा मोडला नाही. गण म्हणजे आरंभीचे वंदनगीत ठेवले, पण वंदन निर्मिकाला, म्हणजे फुल्यांच्या शब्दांत सृष्टीच्या कर्त्याला केले. बतावणी (विनोदी संवाद) आणि वग (कथानाट्य) ठेवले, पण त्यांत सावकारी, भिक्षुकी, दारू आणि पोरांची शाळा आणली. रूप ओळखीचे असल्यामुळे नवा विचार ऐकायला माणसे थांबली. पुढे आंबेडकरी जलसे याच वाटेने गेले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून कामगारवस्तीत पोवाडा, लावणी, छक्कड हेच लोकगीतांचे प्रकार हाताशी धरले. बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे बसले, तेव्हा डॉ. आंबेडकर हयात होते. कोल्हापुरातील मोर्चे आणि सभांची ही जुनी जागा आहे.

बांधणी : गाण्याचा कणा म्हणजे झील, मुख्य गायकामागून साथीदार उचलतात तो भाग. जमावासाठी झील सहा ते आठ शब्दांची पुरते. तिच्यात जोडाक्षरे कमी असावीत आणि शेवट आ, ओ अशा उघड्या स्वरावर व्हावा, कारण ओरडून म्हणताना ‘त्’, ‘स्’ अशी अखेर हवेत विरते. कडवी मुख्य गायकाची, झील सगळ्यांची. कडव्यात कितीही तपशील चालतो. झिलीत एकच गोष्ट. नवख्या रचनाकाराची नेहमीची चूक म्हणजे सगळी मागणीपत्रिका झिलीत कोंबणे. तसे गाणे मंचावरचे चौघे म्हणतात आणि समोरचे नुसते टाळ्या देतात.

चालीचा पल्ला सहा-सात स्वरांत ठेवावा. पुरुषांची सोयीची पट्टी (गाण्याचा मूळ सूर, पेटीच्या काळ्या पट्ट्यांनी मोजलेला) साधारण काळी एक-दोनच्या आसपास असते, बायकांची काळी चार-पाचच्या. पूर्ण सप्तक आणि वर दोन स्वर अशी चाल असली, की एका बाजूचा आवाज खाली घुसमटतो किंवा दुसरीचा वर फाटतो, आणि निम्मा जमाव गप्प होतो. सभेत बायका गात नाहीत अशी तक्रार होते, तेव्हा पट्टी कोणी ठरवली हे आधी पाहावे.

चालत्या मोर्चात आणखी एक अडचण येते, ती निव्वळ भौतिक आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मिनिटाला १०० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा ०.६ सेकंदाची होते. मोर्चाचे तोंड आणि शेपूट यांत २०० मीटर अंतर असले, की पुढचा ठोका मागे पोहोचेपर्यंत जवळजवळ पूर्ण मात्रा उलटते. १०० मीटरवर अर्धी. म्हणून मधले लोक गोंधळतात आणि लय तुटते. पुढचा भोंगा मोठा करून हे सुटत नाही, उलट उशिरा येणारा आवाज जास्त जोरात येतो. दर ३०-४० मीटरला वेगळा डफवाला आणि वेगळा गायक ठेवून तुकड्या करणे, किंवा चालताना फक्त घोषणा आणि गाणे चौकात थांबल्यावर, हे दोनच उपाय चालतात.

वाद्ये डफ, तुणतुणे, टाळ आणि ढोलकी. कोल्हापूरची हलगी आणि तिच्यासोबत वाजणारे घुमकं माणसे गोळा करायला फार उपयोगी, पण हलगीचा तीक्ष्ण आवाज व्यंजने खाऊन टाकतो. ती कडव्यांच्या मधल्या जागी वाजवावी आणि शब्द सुरू होताच थांबवावी. पावसाळ्यात डफाचे कातडे सैल पडून आवाज बसतो. कागद किंवा गवताच्या जाळावर, हात तापेल इतक्या अंतरावरून डफ फिरवत शेकतात. जवळ धरला तर कातडे तडकते, आणि एकदा तडकलेले पुन्हा बोलत नाही.

जगातील उदाहरणे : स्वतंत्र प्रसाराचे महत्त्व अमेरिकेतील एका घटनेत स्पष्ट दिसते. कृष्णवर्णीयांना झाडाला फाशी देण्याच्या झुंडशाहीवर एबल मिरोपोल यांनी लिहिलेले ‘स्ट्रेंज फ्रूट’ गाण्यास बिली हॉलिडे तयार होत्या, पण त्यांची कंपनी कोलंबिया मुद्रणास तयार नव्हती. अखेर एप्रिल १९३९ मध्ये कोमोडोर या छोट्या कंपनीने ते मुद्रित केले. मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फोकवेज ही कंपनी काढली. विक्री थोडी असली तरी एकही तबकडी यादीतून काढायची नाही हा तिचा नेम होता. दोन हजारांहून अधिक तबकड्यांचा हा संग्रह १९८७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. अशा हट्टाशिवाय जगातली अनेक गाणी आज ऐकायलाच मिळाली नसती.

चिलीमध्ये डिकॅप ही कंपनी १९६८ मध्ये तरुण कम्युनिस्टांनी सुरू केली. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर तिचे काम देशात बंद पडले आणि परदेशातून चालू राहिले. गायक व्हिक्टर हारा यांना सँटियागोच्या क्रीडागृहात कैद करून ठार मारले. त्यांच्या पत्नीने ध्वनिफिती देशाबाहेर नेल्या म्हणून त्यांचा आवाज उरला. नायजेरियात गायक फेला कुटी यांनी पिजिन इंग्रजी (स्थानिक भाषा मिसळलेली बोलीतली इंग्रजी) निवडली, कारण योरुबात गाणे एका समाजापुरते राहिले असते. त्यांची गाणी दहा-पंधरा मिनिटांची असत, नभोवाणीच्या चौकटीत न मावणारी. सैन्यावरील त्यांच्या टीकेनंतर १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सैनिकांनी त्यांचे लागोसमधील घर जाळले. चिलीच्याच वालपराइसो शहरातील लास तेसिस या गटाने नोव्हेंबर २०१९ मध्ये लैंगिक अत्याचाराविरुद्ध सादर केलेले समूहगीत अनेक देशांत पोहोचले. डोळ्यांवर पट्टी, ठरलेल्या हालचाली, कोणतेही वाद्य नको. त्यामुळे ते कुठल्याही चौकात उभे करता आले.

भाषांतर : परदेशी गाणे मराठीत आणताना आधी मूळ झिलीची अक्षरे आणि तालाचे ठोके मोजावेत, नंतर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, येणारा शब्द कोणता ते पाहावे. अर्थाचा मुख्य शब्द मराठीतही समेवरच पडला पाहिजे. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे तो नेमका घसरतो. अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीचे ‘वी शॅल ओव्हरकम’ सहज स्थलांतर करू शकले, कारण कडव्यात एकच ओळ पुन:पुन्हा येते. गिरिजाकुमार माथुर यांनी केलेले त्याचे हिंदी रूप ‘हम होंगे कामयाब’ शाळाशाळांत पोहोचले. या गाण्यावरील मालकी हक्काचा दावा अमेरिकेत २०१८ मध्ये संपला आणि ते सर्वांसाठी खुले झाले.

विषयाची नावे मात्र स्थानिक हवीत. ‘हवामानबदल’ हा शब्द झिलीत बसत नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर अनुभवलेल्या माणसाला ‘त्रेचाळीस फूट’ एवढे म्हटले तरी पुरते. त्या दोन शब्दांतून जगाच्या तापमानाकडे जाता येते, उलट दिशेने जाता येत नाही.

मुद्रण आणि प्रसार : मोबाइलवर मुद्रण करताना फोन गायकापासून दीड-दोन मीटर आणि हलगीपासून त्याहून लांब ठेवावा. मुद्रणाच्या मापकावर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, कमी पातळीचा वाढवता येतो. माइकवर फोमची टोपी नसेल तर वाऱ्याची घरघर शब्द गिळते. गाण्याआधी रचनाकार, गायक, गाव आणि तारीख तोंडाने बोलून घ्यावी. संदेशांतून पुढे पाठवताना फाइलचे नाव बदलते आणि शाहिराचे नाव गळते. आवाजातच असलेले नाव गळत नाही. ध्वनिवर्धकाला रात्री १० ते सकाळी ६ मनाई आहे, हे कार्यक्रम ठरवताना लक्षात घ्यावे.

पैशाची बाजू नाजूक आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर ऐकणारा थेट कलाकाराकडून गाणे विकत घेतो आणि डिजिटल विक्रीतील साधारण १५ टक्के मंच ठेवतो. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षात १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला मानधन मिळत नाही. छोट्या बोलीतील गाणी तिथेच अडकतात. भारतीय कायद्यानुसार गीत आणि चालीवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. चळवळीत गाणे सर्वांचे मानतात आणि ते योग्यच आहे, तरी कोणी जाहिरातीत वापरले तर रोखता यावे म्हणून रचनाकाराने लेखी परवाना द्यावा : नाव घालून कोणीही गावे, विक्रीसाठी विचारावे.