शब्दांचा वाटा खरंच ७ टक्के?

"समोरच्याला पटवायचं तर शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, ३८ टक्के आवाज, ५५ टक्के देहबोली." व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हे वर्षानुवर्षे ठोकून दिलं जातं. आकडे कुठूनतरी आलेत खरे, पण ते पटवून देण्याबद्दलचे नाहीत.

१९६७ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांसोबत दोन प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत युक्तिवाद नव्हताच. 'मेबी', 'थँक्स' असे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, एका प्रयोगात चेहऱ्यांचे फोटोही दाखवले आणि बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, हे ओळखायला सांगितलं. दोन्ही निकाल जोडून सूत्र तयार झालं. भावना आणि आवडनिवड यांपलीकडे ते लागू नाही, हे खुद्द मेहराबियन यांनीच नंतर स्पष्ट केलं. (नाहीतर परक्या भाषेतलं भाषणही आपल्याला ९३ टक्के कळलं असतं!)

आता सोसायटीच्या सभेतला छतावर सोलर बसवायचा ठराव घ्या. खणखणीत आवाजामुळे लोक ऐकून घेतील, हे मान्य. पण खर्च किती वर्षांत वसूल होणार, त्यापेक्षा स्वस्त पर्याय आहे का, गच्ची गळायला लागली तर पॅनल कोण हलवणार? मागच्या रांगेतले काका नेमकं हेच विचारतात, आणि त्यांना उत्तर शब्दांतच द्यावं लागतं.