कॅसेट टॉयलेट : देखभाल आणि दोषनिवारण

कॅसेट टॉयलेट : कॅम्परव्हॅन, कॅराव्हॅन, मोटरहोम अशा फिरत्या घरांमध्ये बसवले जाणारे शौचालय. यातील मैला साठवणारी टाकी गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या छोट्या दारातून ओढून काढता येते, ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करता येते आणि धुऊन पुन्हा जागेवर सरकवता येते. या सुट्या टाकीलाच कॅसेट म्हणतात. बैठक मात्र गाडीला पक्की जोडलेली असते. पूर्णपणे उचलून नेता येणाऱ्या पोर्टेबल टॉयलेटपासून ते वेगळे पडते ते यामुळेच. थेटफोर्ड आणि डोमेटिक हे या क्षेत्रातील प्रमुख उत्पादक होत.

कॅसेटमध्ये साधारणपणे १६ ते २० लिटर मैला मावतो. भरलेल्या कॅसेटचे वजन टाकीच्या स्वतःच्या वजनासह २० किलोच्या आसपास जाते, म्हणून बहुतेक प्रकारांना चाके आणि ओढायचा दांडा दिलेला असतो. भांडे आणि कॅसेट यांच्यामध्ये एक सरकते पाते असते. बाहेरची मूठ फिरवली की ते उघडते किंवा मिटते, आणि मिटलेल्या पात्याभोवती रबरी सील घट्ट बसून खालचा वास व द्रव वर येऊ देत नाही. फ्लशचे पाणी काही प्रकारांत स्वतंत्र छोट्या टाकीतून, तर काहींत गाडीच्या मुख्य पाण्याच्या टाकीतून येते आणि ते १२ व्होल्टच्या पंपाने उपसले जाते. कॅसेट भरत आली की आतील फ्लोट (द्रवावर तरंगणारा भाग) वर उचलला जाऊन बैठकीजवळचा दिवा लागतो. रिकामी करण्यासाठी एक फिरती नळी असते आणि ओतताना हवा आत घेण्यासाठी वेगळे बटण असते. दोषांची यादी कितीही लांबली, तरी बहुतेक तक्रारींच्या मुळाशी सुकलेले सील, कोंडलेली हवा किंवा साचलेले क्षार यांपैकी काहीतरी सापडते. विजेचे दोष त्यामानाने थोडे असतात आणि शोधायलाही सोपे असतात.

सीलची काळजी हा देखभालीचा गाभा आहे आणि नेमकी तीच सर्वांत जास्त टाळली जाते. रबर कोरडे पडले की पाते सरकताना त्याची कड ओढली जाते, पुढे ती दुमडते आणि शेवटी चिरते. कॅसेट बाहेर काढून, धुऊन, पाते उघडून सीलच्या आतल्या कडेवरून हातमोजा घातलेले बोट पूर्ण गोलाकार फिरवले, तर खरखरीत क्षार, अडकलेला कागदाचा तुकडा किंवा बारीक चीर नजरेच्या आधी बोटाला कळते. कड स्वच्छ पुसून तिच्यावर सिलिकॉनयुक्त वंगणाचा पातळ थर द्यावा. पेट्रोलियम जेली आणि स्वयंपाकाचे तेल ही दोन्ही सहज हाताशी असतात, पण ती वापरू नयेत : जेलीने रबर फुगून सैल पडू शकते, तर तेल कालांतराने चिकट होऊन पाते जाम करते. सील हा झिजणारा भाग आहे. काही वर्षांनी तो बदलावाच लागतो. नवे सील घेताना बैठकीच्या प्रकाराचा क्रमांक पाहूनच घ्यावे, कारण दिसायला सारखी असलेली सीले एकमेकांच्या जागी बसत नाहीत. बसवताना कडेची बाजू उलटी झाली तर नवे सीलही पहिल्या दिवसापासून गळते. बसवून झाल्यावर पाते मिटून त्यावर थोडे पाणी ओतावे आणि कॅसेट काही तास बाहेरच ठेवून पाण्याची पातळी तशीच राहते का ते पाहावे.

रसायनांबाबत बराच गोंधळ आढळतो. कॅसेटमध्ये घालायचे द्रव मुख्यतः दोन तऱ्हांचे असतात. पारंपरिक निळ्या द्रवात जंतुनाशक असते आणि ते जीवाणूंची वाढ रोखून वास दाबते. त्यात पूर्वी सर्रास फॉर्माल्डिहाइड वापरले जाई. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या गटात घातले. शिवाय ते सेप्टिक टाकीतील उपयुक्त जीवाणूंनाही मारते, म्हणून जिथे मैला सेप्टिक टाकीत जातो तिथे असे द्रव ओतू दिले जात नाहीत. हिरव्या द्रवांत विकरे (एन्झाइम) किंवा नायट्रेट असतात. नायट्रेट मिळाले की जीवाणू गंधकयुक्त दुर्गंधी वायू तयार करणाऱ्या मार्गाकडे वळत नाहीत. द्रव घालण्याआधी रिकाम्या कॅसेटमध्ये सुमारे दोन लिटर पाणी घालणे आवश्यक असते, अन्यथा रसायन तळाशी एका कोपऱ्यात पडून राहते आणि पहिला मैला कोरड्या प्लॅस्टिकला चिकटतो. मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घ्यावी. कडक उन्हाळ्यात मात्र विघटन वेगाने होत असल्याने कॅसेट भरण्याची वाट न पाहता ती लवकर रिकामी करणे अधिक उपयोगी पडते. वासावर उपाय म्हणून दुप्पट रसायन ओतणे हा पैशाचा अपव्ययच होय.

रसायन अजिबात न वापरता चालणारी एक पद्धतही प्रचलित आहे. तिच्यात पाते उघडताच छोटा विद्युत पंखा सुरू होतो, कॅसेटमधील हवा बाहेर खेचतो आणि कोळशाच्या गाळणीतून किंवा छतावरील नळीतून सोडतो. गाळणी ठरावीक काळाने बदलावी लागते. एरवी या पद्धतीची देखभाल थोडीच असते, फक्त हवा जिथून बाहेर पडते त्याच्या शेजारी बसलेल्यांचा विचार करावा लागतो.

मूत्रातील युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार झाला की द्रवाची अल्कता वाढते आणि कॅल्शियम व मॅग्नेशियमचे फॉस्फेट क्षार खाली बसू लागतात. हे पिवळट-करडे थर पात्याच्या कडेला, फ्लोटच्या दांड्यावर आणि तळाशी जमतात. वास मुरतो तो यांतच. साध्या पाण्याने ते निघत नाहीत. कॅसेटसाठीच्या खास स्वच्छक द्रवाने, किंवा कोमट पाण्यात विरघळवलेल्या सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने ते सुटतात. द्रावण काही तास ठेवून, मधूनमधून हलवून, नंतर भरपूर पाण्याने धुवावे आणि सीलला पुन्हा वंगण द्यावे. ब्लीच कधीही वापरू नये. ते रबर कडक करते, आणि त्याहून गंभीर बाब म्हणजे मूत्रातील अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन, तर आम्लाशी संयोग होऊन क्लोरीन असे विषारी वायू निर्माण करते. गाडीच्या बंदिस्त न्हाणीघरात हे घातक ठरू शकते.

कोंडलेल्या हवेचा त्रास नवख्यांना हमखास चकवतो. सखल भागात बंद केलेली कॅसेट घेऊन सुमारे १५०० मीटर उंचीवर पोहोचले की बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने साधारण एक षष्ठांशाने उतरलेला असतो. त्यात उन्हाने तापलेल्या मैल्यातून वायू सुटत असतात. दाब सोडणारी झडप क्षारांनी बंद झालेली असेल, तर अशा वेळी पाते झटकन उघडणे म्हणजे हलवलेल्या सोड्याच्या बाटलीचे बूच काढणे होय : द्रव भांड्यात उसळतो. बैठकीचे झाकण खाली ठेवून पाते आधी अगदी किंचित सरकवावे, हवा सुटल्याचा आवाज थांबू द्यावा आणि मगच पूर्ण उघडावे. प्रवासात पाते मिटलेले असावे, भांड्यात पाणी उरू देऊ नये आणि काठोकाठ भरलेली कॅसेट घेऊन निघू नये.

कॅसेट बाहेर येत नसेल तर जोर लावण्याचा मोह आवरावा. बहुतेक रचनांत पाते पूर्ण मिटल्याशिवाय कॅसेटची अडसर सुटत नाही. कारण बहुधा एवढेच असते की पात्याच्या वाटेत कागद अडकला आहे किंवा मूठ शेवटपर्यंत फिरलेली नाही. भांड्यात थोडे पाणी सोडून पाते दोन-तीनदा हळुवार मागेपुढे केल्यास अडकलेला कागद सहसा सुटतो. याउलट कॅसेट बाहेर असताना कोणी मूठ फिरवली, तर आतील यंत्रणा आणि कॅसेटवरील पाते यांची जुळणी बिघडते आणि कॅसेट पूर्ण आत जात नाही. अशा वेळी दोन्ही बाजू बंद स्थितीत आणून मगच ती सरकवावी. हे न कळल्याने तुटलेल्या मुठी ही दुरुस्तीची नेहमीची बाब आहे.

दिवा सतत लागून राहणे याचा अर्थ कॅसेट भरली असा दर वेळी होत नाही; फ्लोट क्षारांमुळे किंवा कागदामुळे वरच अडकलेला असू शकतो. तो खाली अडकला तर दिवा कधीच लागत नाही आणि ही स्थिती अधिक त्रासदायक असते. दोन्हींवर उपाय वर सांगितलेले क्षारनिर्मूलनच. सहज विरघळणारा कागद वापरल्यास हा प्रसंग क्वचित येतो. ओले पुसणी-कागद मात्र कितीही विरघळणारे म्हणून विकले जात असले तरी कॅसेटमध्ये टाकू नयेत.

फ्लश होत नसेल तर तपासणी पाण्यापासून सुरू करावी : फ्लशच्या टाकीत पाणी आहे का, हे आधी पाहिले तर पुष्कळ वेळ वाचतो. त्यानंतर फ्यूज पाहावा. तो अनेकदा कॅसेट काढल्यावर दिसणाऱ्या पोकळीत असतो आणि तेथील दमटपणामुळे त्याच्या टोकांवर गंज चढतो. बटण दाबताना पंपाचा आवाज येतो पण पाणी येत नाही, तर पंपाच्या तोंडाशी कचरा किंवा हवा अडकलेली असते. आवाजच येत नसेल आणि पंपाच्या तारांवर १२ व्होल्ट मिळत असतील, तर पंप बदलावा; व्होल्ट मिळत नसतील तर दोष बटणात किंवा तारांत आहे.

पोकळीत ओल दिसल्यास ती कुठून येते हे ठरवणे महत्त्वाचे असते. रंगहीन, बिनवासाचे पाणी फ्लशच्या टाकीच्या जोडातून किंवा बाष्प थंड होऊन जमलेले असते. रंगीत द्रव आला तर सील, ओतण्याच्या नळीचे झाकण किंवा कॅसेटला गेलेला तडा तपासावा.

कॅसेट रिकामी करण्याची जागा केवळ त्यासाठी राखलेलीच असावी. पावसाळी गटारे, नदी-नाले आणि रस्त्याकडेची जमीन वर्ज्य होत. नळी खाली वळवून मगच हवेचे बटण दाबावे, आधी दाबल्यास शिंतोडे उडतात. ओतत असताना ते दाबून धरले तर धार गचके न घेता सलग पडते. धुण्यासाठी पिण्याच्या पाण्याचा नळ वापरू नये आणि धुण्याच्या नळाचे टोक कॅसेटच्या तोंडात घालू नये.

गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असेल, तर कॅसेट धुऊन पूर्ण कोरडी करावी, सीलला वंगण द्यावे आणि पाते थोडे उघडे ठेवावे, म्हणजे सील एकाच जागी दबून चिकटत नाही. फ्लशची टाकी आणि नळ्या रिकाम्या कराव्यात. थंड प्रदेशात उरलेले पाणी गोठून पंपाला तडा जातो.